माझी आय तिथं असंल का

मरणाबद्दल मला सगळं माहीत आहे, असं मला तेविसाव्या वर्षी वाटत होतं. नगरकडच्या मिशनच्या शाळेत मी मास्तरकीचं शिक्षण घेतलं. तिथं प्रश्नोत्तरं पाठ करून घेत. माणूस मेल्यावर आत्म्याचं काय होतं, देहाचं काय होतं, शेवटच्या दिवशी काय होईल, तारण कोणाला मिळतं, हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं मी न अडखळता म्हणत असे. तोंडी परीक्षेत गोऱ्या पाद्रीसाहेबांनी माझी पाठ थोपटली होती. माझे आईवडीलही ख्रिस्तीच, त्यामुळे दुसरं काही माझ्या कानावर कधी पडलंच नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी चार-पाच वर्षं मिशननं मला मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या वाटेवरच्या एका खेड्यात शाळेवर नेमलं. शाळा म्हणजे कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर आणि सारवलेली जमीन. पोरं वीस-बावीस, भातकापणी लागली की सात-आठ. मास्तरकीबरोबर दुसरंही काम असे. आसपासच्या गावांत मिळून चार ख्रिस्ती घरं होती. रविवारी त्यांना जमवून उपासना घ्यायची आणि कोणी आजारी असलं तर जवळ बसून प्रार्थना करायची. पाळक कल्याणहून महिन्यातून एकदा येत. मधल्या दिवसांत कोणी मरणाला टेकलं तर मीच. दोन म्हाताऱ्यांच्या उशाशी मी असा बसलो होतो. दोघांनाही विचारलं होतं, प्रभूवर भरवसा आहे ना, आणि दोघांनी मान हलवली होती. आम्हाला तसं शिकवलंच होतं, की मरणाऱ्याच्या तोंडून साक्ष घ्यावी, म्हणजे मागे राहणाऱ्यांना धीर येतो.

माझं लग्न पाळकांनी जुळवलं. मुलगी शहापूरजवळच्या एका गावातली, शेतकऱ्याची एकुलती एक लेक. तिच्या वडिलांच्या पायाला जखम होऊन ती चिघळली होती. शहापुरात तेव्हा मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. तिथं ते अडीच महिने पडून होते, आणि बरे होऊन घरी गेले ते बाप्तिस्मा घ्यायचं ठरवूनच. लेक बारा वर्षांची होती. तिनंही वडिलांबरोबर बाप्तिस्मा घेतला. तिची आई मात्र आली नाही. "तुमी जा. मी अडवत नाय. पन मला नका सांगू," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली होती.

गावकीनं ते घर वाळीत टाकलं. गावची विहीर बंद झाली. बायकोला तिच्या भावांनी निरोप पाठवला, तू तर बाटली नाहीस, तू माहेरी निघून ये. ती गेली नाही. डोंगराखालच्या ओढ्यावरून ती पाणी आणू लागली. जायला उतार, यायला चढ, दिवसाकाठी पाच खेपा. दोन वर्षं तिनं त्या ख्रिस्ती घरात असं पाणी भरलं. घरात प्रार्थना सुरू झाली की ती उठून गोठ्यात जाई आणि संपली की येऊन ताटं वाढी. दुसऱ्या पावसाळ्यात ओढ्याचं पाणी नासलं आणि तिला पटकी झाली. दीड दिवसात गेली. मग भाऊ आले. ती आमची आहे म्हणाले, तिला उचलून घेऊन गेले आणि आपल्या रीतीनं नदीवर दहन केलं. नवऱ्याला आणि चौदा वर्षांच्या लेकीला त्यांनी शिवेवरच थांबवलं. तिथून धूर तेवढा दिसला.

हे सगळं माझ्या बायकोनं मला एका बैठकीत सांगितलं नाही. चुलीपाशी बसल्या बसल्या, कधी तांदूळ निवडताना, तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. सांगताना ती रडत नसे. आय कालवणात मीठ जास्त टाकायची, आय चालताना डावा पाय जरा ओढायची, असं ती बोले, जणू आई दुसऱ्या गावी राहत होती आणि आज ना उद्या भेटणार होती. ते तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान होती. माझ्या नगरी बोलण्याला हसायची. बाजरीची भाकरी मागितली की म्हणायची, ती गुरांची असते. तिची प्रार्थना ऐकून मी पहिल्यांदा चपापलो होतो. देवाशी ती वडिलांशी बोलावं तशी बोलायची. एकदा आमची अंड्यावर बसलेली कोंबडी कोल्ह्यानं नेली, तेव्हा रात्रीच्या प्रार्थनेत ती म्हणाली, "बापा, कोंबडी तूच दिलीस आन् कोल्ह्याला पन तूच दिलीस, मंग मी कुनाला बोलू?" प्रार्थनेत कोल्हा आणायचा नसतो, असं मी तिला सांगितलं. ती हसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच बोलली. चारही घरांतल्या बायका माझ्यापेक्षा तिच्याकडे जास्त येत. मरणाची तिला भीती नव्हती. मरण म्हणजे बापाकडं जायचं, एवढंच ती धरून होती.

तीन वर्षं आमचा संसार झाला. त्यातली पहिली दोन बरी गेली. मग तिला हिवताप धरला. त्या भागात हिवतापाशिवाय घर नव्हतं, म्हणून आम्ही फार मनावर घेतलं नाही. कोयनेलच्या गोळ्या दिल्या की ताप उतरे, महिन्यानं पुन्हा भरे. पोटात डाव्या बाजूला पानथरी वाढली, डोळे पिवळे झाले, पाण्याची घागर उचलताना दम लागू लागला. तिसऱ्या वर्षी पाऊस सरला तेव्हा तिला चालवेना. मी शाळेला सुट्टी दिली, एक बैलगाडी केली आणि काळू नदी ओलांडून किन्हवलीवरून तिला शहापूरला आणलं. पहाटे निघालो ते दिवेलागणीला पोचलो. वाटेत खळ्याखळ्यांत भात पडलं होतं. ती गाडीत आडवी होऊन ते बघत होती आणि कुठलं भात चांगलं पोसलंय ते मला सांगत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. अंगात रक्त उरलेलं नाही, आता फार काही करता येण्यासारखं नाही, तिला जिथं बरं वाटेल तिथं ठेवा, असं त्या म्हणाल्या. मी तिला विचारलं. ती म्हणाली, बाच्या घरी. म्हणून आम्ही तिच्या माहेरच्या घरी गेलो.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. ते एकटेच राहत होते. त्यांनी तिची बाज ओटीवर टाकली, कारण आत अंधार होता आणि ओटीवरून खळं दिसे. ते स्वतः पेज करून तिला चमच्यानं भरवत. मी वचनं वाचायचो, प्रार्थना करायचो. पहिले काही दिवस ती माझ्या प्रार्थनेमागून हळू आवाजात आमेन म्हणे.

मग एके दिवशी दुपारी ती जरा हुशारीत होती. मामा उंबऱ्यावर बसून दोर वळत होते. तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "तुमी शाळंत शिकलाव. खरं काय ते सांगा. माझी आय तिथं असंल का?"

हा प्रश्न आमच्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात जवळजवळ असाच होता, आणि त्याचं उत्तर मला येत होतं. आजही मला वाटतं, तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो असतो तरी पुरे झालं असतं. नुसता तिचा हात धरला असता तरी चाललं असतं. पण मी मास्तर होतो. खोटं सांगणं मला पाप वाटत होतं, आणि मरणाच्या दारात असलेल्या माणसाशी तर मोठं पाप. मी म्हणालो, "तिनं प्रभूला स्वीकारलं नव्हतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "तिनं पानी आनलं. दोन वर्सं."

मी म्हणालो, "कर्मांनी तारण होत नाही."

मला ते शब्द माझ्या आवाजासकट आठवतात. वर्गात चुकलेलं उत्तर दुरुस्त करताना माझा जो आवाज असे, तोच होता तो. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मामांच्या हातातला दोर थांबलेला मला दिसला. ते उठले, अंगणात उतरले आणि गोठ्याच्या मागे गेले. दिवस कलला तरी ते परत आले नाहीत.

त्यानंतर ती चार दिवस जगली. माझ्यावर ती रागावली नव्हती, ते रागावणं मला सोसलं असतं. ती माझ्याशी परक्या माणसाशी वागावं तसं नीट वागू लागली. पाणी दिलं तर घ्यायची. कुशीवर वळवलं तर वळायची. मी प्रार्थना केली की डोळे मिटायची, पण आमेन म्हणत नव्हती. तिसऱ्या दिवशी मला भीती वाटली. ती साक्ष दिल्याशिवाय जाईल, अशी भीती. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच तेच माझ्या मनात होतं. मी तिला विचारलं, प्रभूवर भरवसा आहे ना, मन शांत आहे ना?

ती म्हणाली, "मला भीव नाय वाटत. पन जायाची खुशी होती, ती आता नाय."

पुढच्या दिवशी सकाळी, उन्हं ओटीवर आली तेव्हा ती गेली. त्याआधी तिनं मला विचारलं, तुमी खाल्लं का. मी हो म्हणालो. खाल्लं नव्हतं. ते एक खोटं मात्र माझ्या तोंडून सहज निघालं.

पेटी करायला फळ्या मिळेनात. मामांनी गोठ्याचं दार उतरवलं आणि आम्ही दोघांनी मिळून त्याची पेटी केली. आसपास ख्रिस्ती दफनभूमी नव्हती. मामांच्या वरकस जमिनीत, चढावर, एक मोहाचं झाड होतं, त्याच्याखाली जागा काढली. निरोप मिळाल्याबरोबर पाळक कल्याणहून गाडीनं आसनगावला उतरले आणि तिथून चालत आले. साठीचे होते, पायाला फोड आले होते. दवाखान्यातले चार-सहा लोक आले. खड्डा खणायला गावातलं कोणी येईल असं वाटलं नव्हतं, पण दोन शेजारी कुदळी घेऊन आले. तिच्या आईचा एक भाऊही आला होता, आईला उचलून नेणाऱ्यांतलाच. तो दूर बांधावर उभा राहिला आणि सगळं होईपर्यंत तिथून हलला नाही.

पाळकांनी पुनरुत्थानाचं वचन वाचलं. मग मंडळींनी आशेचं गीत म्हटलं. ते मीच मुरबाडच्या बाजूला चार घरांना शिकवलं होतं, उपासनेत मी ते वरच्या सुरात लावत असे. त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. लोकांना वाटलं, दुःखामुळं. दुःख होतंच. पण तिच्याशी खोटेपणा होईल म्हणूनही मी गायलो नाही. तिची खुशी मी काढून घेतली होती आणि तिच्या पेटीपाशी उभं राहून मीच खुशीचं गीत कसं म्हणणार होतो?

सगळे पांगल्यावर पाळक माझ्याजवळ मोहाखाली बसून राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं. तिचा प्रश्न, माझं उत्तर, मग तिचं भिंतीकडं वळणं. त्यांनी मला मध्ये अडवलं नाही. सांगून झाल्यावर मी विचारलं, माझं उत्तर चूक होतं का? मला वाटतं, बरोबर होतं असं त्यांनी म्हणावं, अशीही एक हाव माझ्या मनात होती.

ते मग म्हणाले, "तुला आमंत्रण सांगायला पाठवलं होतं, बाळा. कोणाला आत घेतलं आणि कोणाला नाही, हे सांगायला नव्हतं पाठवलं."

मी विचारलं, मग तिची आई तिथं आहे का?

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मला माहीत नाही, हे म्हणायला मला चाळीस वर्षं लागली. पण ज्याच्याकडं ती गेली, त्याचा स्वभाव मला थोडाफार माहीत आहे. तो दुष्ट नाही. तू तिला एवढंच सांगायला हवं होतंस."

ते माझ्यावर रागावले नाहीत, उलट निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पण ते शब्द मला चार दिवस उशिरा मिळाले होते. तिला सांगण्याजोगं उत्तर आता माझ्याकडं होतं आणि ती मातीत होती. आम्ही ख्रिस्ती लोक म्हणतो, की मेलेली माणसं कायमची जात नाहीत. तो विश्वास माझ्या मनातून गेला नाही. पण त्या संध्याकाळी तो मला काही कामाचा नव्हता, कारण मला तिच्याशी शेवटच्या दिवशी बोलायचं नव्हतं. मला तेव्हाच बोलायचं होतं.

मुरबाडला परतायच्या आधी मामांसमोर बसणं भाग होतं. ती गेल्यापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि उपासनेला बसले नव्हते. मी त्यांना पाळकांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, मंग तुमी माझ्या पोरीला असं का नाय सांगितलंव?"

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, मला उठवलंही नाही. ते म्हणाले, "ती बाय तिथं नसंल, तर मी जाऊन काय करू? माझ्यापायी ती गेली." ते बायकोबद्दल बोलत होते. इतकी वर्षं हे त्यांच्या मनात होतं, आणि मी ओटीवर बसून, त्यांच्यासमोर, त्यावर शिक्का मारला होता.

मी शाळेवर परत गेलो. दुसरं लग्न केलं नाही. पाळकांनी दोनदा विषय काढला, मग सोडून दिला. मे महिन्याची सुट्टी मी मामांच्या घरी काढू लागलो, मग दिवाळीचीही. पहिली दोन वर्षं आम्ही फारसं बोलत नव्हतो. छप्पर शाकारायचं, गवत कापायचं, बांध घालायचे, अशी कामं बरोबर करायचो. युद्ध सुरू झालं, रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हा दिवस मावळायच्या आत जेवून ओटीवर बसायची सवय लागली आणि मग बोलणं होऊ लागलं. एका संध्याकाळी त्यांनी स्वतःहून मला म्हटलं, मास्तर, वाचा काहीतरी. मी वाचलं. ते ऐकत बसले. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

मुरबाडच्या बाजूला मला मरणाऱ्यांच्या उशाशी बसावं लागतच होतं. साक्ष घेणं मी सोडून दिलं. एका बाईचं पहिलं मूल, घरात ख्रिस्ती धर्म येण्याआधी, देवीच्या साथीत गेलं होतं. तिच्या अखेरच्या आजारात तिनं मला त्या मुलाबद्दल विचारलं. मी सांगितलं, बाई, मला सगळं माहीत नाही, पण ज्याच्याकडं तू चाललीस तो लेकरू हरवलेल्या आईला रिकाम्या हातानं ठेवणारा नाही. तिनं डोळे मिटले आणि शांत झोपली. घरचे लोक माझे पाय धरू लागले. मी तिथं थांबू शकलो नाही. बाहेर नाचणीच्या शेतात जाऊन बसलो आणि पोटभर रडलो. त्या बाईला मिळालेलं उत्तर मला माझ्या बायकोच्या प्रश्नामुळं सापडलं होतं, आणि ते तिला सोडून सगळ्यांना मिळत होतं.

युद्ध संपलं त्या सुमाराला, पावसाळ्यात, मामा आजारी असल्याचा निरोप आला. मी भिजत पोचलो. ते ओटीवरच होते. छाती भरली होती, पण शुद्ध होती. दोन दिवस मी पेज भरवली. त्यांनी काही विचारलं नाही. शेवटी मीच बोललो. म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी जे बोललो ते माझं मला कळत नव्हतं. मामी कुठं आहेत ते मला माहीत नाही. पण देव तुमच्यापेक्षा कमी मायाळू असेल, असं मला आता वाटत नाही."

ते पागोळ्यांकडं वळले. मग म्हणाले, "मी बघतो जाऊन." त्यांच्या ओठांवर हसू आल्यासारखं वाटलं. "ती नसंल, तर त्याला विचारीन. मला वाळीत टाकलं तवा कुनी माझ्याबरोबर ऱ्हायलं, ते सांगंन त्याला. ऐकंल तो." मग त्यांनी माझा हात शोधला. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरला आणि तो झोप लागेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. नद्यांना पूर होता, पाळक येऊ शकले नाहीत. आम्ही पाच जणांनी त्यांना लेकीशेजारी मोहाखाली ठेवलं. खड्ड्यात पाणी भरत होतं, ते उपसत उपसत ठेवलं. प्रार्थना मला करावी लागली. मी मामांचं नाव घेतलं, माझ्या बायकोचं घेतलं, आणि मग मामींचंही घेतलं, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. देवाला म्हणालो, या तिघांना एकत्र ठेव. बाप्तिस्मा न घेतलेल्या मृताचं नाव अशा प्रार्थनेत घेणं आमच्या मिशनच्या रीतीत बसत नव्हतं. तिथं उभ्या असलेल्यांपैकी कोणी हरकत घेतली नाही. सगळ्यांनी आमेन म्हटलं, गावातल्या दोन हिंदू शेजाऱ्यांनीही, आम्ही म्हणतो म्हणून.

पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. ती उठेल, मला ओळखेल, हेही मी मानतो. पण त्या दिवशी पावसात उभं राहून माझ्या मनात दुसरं काही येईना. जिनं ही प्रार्थना ऐकायला हवी होती, ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती, आणि तिला ऐकू जात नव्हतं.